गोलाचा चौथा भाग

आमच्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मशीनांच्या विभागाच्या, दाराशी एक पांढरा बोर्ड आहे. डावीकडे ऑपरेटरांचे टोकन नंबर, वरच्या ओळीत मशीनचे नंबर आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक गोल. गोलाचे चार भाग. काहीच येत नसेल तर गोल रिकामा. एक भाग काळा केला म्हणजे माणूस शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो, तीन म्हणजे एकटा मशीन सांभाळतो. चारही भाग भरले म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. वाळूजमध्ये गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात गेलात तर हा बोर्ड दिसेल, कारण ऑडिटवाला आधी तिथंच येऊन उभा राहतो. हे गोल भरायचं काम माझं. मार्कर माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

२०२१ च्या पावसाळ्यात, करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, साहेबांनी बोलावून सांगितलं, "ट्रेनिंग ऑनलाइन केलं तर किती वाचतात, तोटा काय होतो, एका पानात द्या."

मी दिलं. नीट दिलं, आकडेही खोटे नव्हते. त्या पानात जे मावलं नाही ते इथं लिहितेय.

आधी एक कबुली. पूर्वीचं ट्रेनिंग काही सोन्याचं नव्हतं. कँटीनवरची खोली, दोन कुरकुरणारे पंखे, पुण्याहून पहाटे निघालेला ट्रेनर. साडेनऊला पोहे, अकराला चहा. शेवटच्या रांगेत रात्रपाळी करून आलेले लोक, हाताची घडी घालून, टोपी डोळ्यांवर ओढून. ट्रेनर इंग्रजी स्लाइड हिंदीत वाचायचा. शेवटी फीडबॅक फॉर्म. त्यात 'आणखी काही सूचना' या रकान्यात एकानं दर वेळी न चुकता लिहिलेलं असायचं, 'जेवण चांगले होते.' हे सगळं मी फाइलला लावायचे आणि ऑडिटवाला समाधानानं मान डोलवायचा.

तर हिशोब. सुरक्षेचं चार तासांचं ट्रेनिंग चारशे जणांना द्यायचं म्हणजे चाळीसच्या दहा बॅचेस. चारशे गुणिले चार, सोळाशे तास. एवढे तास लाइनवरून माणूस काढायचा, त्याच्या जागी बदली बसवायचा किंवा मशीन बंद ठेवायचं. शिवाय ट्रेनरची फी, गाडी, मुक्काम. आणि हा खर्च माणसामागे चढत जातो. चारशेचे पाचशे झाले की बॅचेस वाढल्या.

ऑनलाइनचं गणित उलटं असतं. तिथं सगळा पैसा पहिल्या माणसावर खर्च होतो: मॉड्यूल बनवणं, शूटिंग, मराठी आवाज, सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं. चारशेव्या माणसाला शिकवायला जवळजवळ काहीच लागत नाही. मोठ्या कंपन्यांना हे फळतं ते यामुळेच. पन्नास माणसांच्या शेडला नाही. आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. मशीन बदललं की मॉड्यूल शिळं होतं, आणि ते नव्यानं करायचा खर्च पुन्हा पहिल्या माणसाएवढाच. वर्गातला ट्रेनर खडू घेऊन तिथल्या तिथं दुरुस्ती करतो.

चार तासांचं ट्रेनिंग मॉड्यूलमध्ये पाऊण तासावर आलं. चारशे जणांचे तीनशे तास. माझ्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं, 'बचत : १,६०० मनुष्यतास.' उरलेले तीनशेसुद्धा मी शून्य धरले, कारण लोक मोबाइलवर घरी करणार होते. साहेब खूश झाले. मीही झाले. खोटं कशाला बोलू.

मॉड्यूल आलं तेव्हा आधी भाषेनं मजा आणली. कुणीतरी हिंदीवरून घाईनं मराठी केलं होतं. लाइट कर्टनचं, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या किरणांचं, झालं होतं 'प्रकाश पडदा'. इमर्जन्सी स्टॉपचं 'आपत्कालीन थांबा'. प्रेस शॉपमध्ये ऐंशी टक्के लोक एसटीनं वाढलेले. एक जण गंभीर चेहऱ्यानं विचारत होता, "मॅडम, हा थांबा पंढरपूरच्या अलीकडं का पलीकडं?" (हे पंढरपूर विठोबाचं नाही, वाळूज रस्त्यावरचं आमचं.) दोन आठवडे बसून मी सगळे शब्द बदलून घेतले. लोक मशीनपाशी जे बोलतात तेच ठेवलं: डाय (साचा), पंच (पत्रा कापणारा भाग), बर (कापलेल्या कडेला राहणारी खरखर), सेटिंग, इमर्जन्सी. ते दोन आठवडेसुद्धा माझ्या पानावर नाहीत.

ऑनलाइनवर टीका करणं सोपं आहे. म्हणून जे खरोखर चांगलं पाहिलं ते आधी सांगते.

हिंगोलीकडची एक मुलगी आयटीआय करून ॲप्रेंटिस म्हणून आली. वर्गात तोंडातून शब्द नाही. व्हर्नियर कॅलिपर हातात दिलं की कानांच्या पाळ्या लाल. मुख्य पट्टीवरचं वाचायचं, मग सरकत्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ती शोधायची, ती कितवी आहे त्याला ०.०२ नं गुणायचं आणि मुख्य पट्टीच्या आकड्यात मिळवायचं. शिकलेल्याला हे दोन सेकंदांचं काम, न शिकलेल्याला डोंगर. आणि वर्गात पुन्हा पुन्हा विचारलं की मागून हसू येतं. पोरांच्या वर्गात मुलीनं विचारलं तर जास्तच. व्हर्नियरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ तिनं रांजणगावच्या भाड्याच्या खोलीत चौदा वेळा पाहिला. हा आकडा मला रिपोर्टमध्ये दिसतो. चौदा वेळा तेच समजावून सांगणारा आणि एकदाही सुस्कारा न टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आज ती इनकमिंग क्वालिटीत आहे आणि सप्लायरचा माल परत पाठवताना तिचे कान लाल होत नाहीत.

चारचौघांत आपलं अडाणीपण न दाखवता शिकता येणं, हा फायदा किती रुपयांचा धरायचा? मला विचाराल तर पूर्ण वर्षाचं सॉफ्टवेअरभाडं त्यात निघालं.

दुसरा फायदा विसरण्याशी जोडलेला आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं. आमच्या कँटीनवरच्या खोलीत चार तास शिकवलेलं दुसऱ्या दिवशी किती उरत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पाच मिनिटांची उजळणी आठवड्यानं एकदा, महिन्यानं एकदा, हे वर्गात परवडत नाही. मोबाइलवर परवडतं. गंमत म्हणजे आमच्या कंपनीनं नेमकं हेच घेतलं नाही. एकदाच पाऊण तास आणि सर्टिफिकेट, विषय संपला.

इथं वडिलांची आठवण येते. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. आम्ही पाथरीला राहायचो. तेव्हाच्या औरंगाबादला, पैठण रस्त्यावर कांचनवाडीत, १९८० साली वाल्मी सुरू झाली, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था. वडिलांना तिथं ट्रेनिंगला पाठवलं. आई म्हणायची, सरकारी सहल. परत आले तेव्हा एक जाड वही होती, पाण्याचा विसर्ग कसा मोजायचा त्याच्या आकृत्यांनी भरलेली. ती वही पुढं उघडलेली मी पाहिली नाही. पण खोलीत बरोबर राहिलेले, पूर्णा प्रकल्पावरचे एक काका त्यांना मिळाले. पाणीपाळी सुरू झाली, वरचे दाबून पाणी घ्यायला लागले आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या, शेतकऱ्यांनी ऑफिसला वेढा दिला की वडील पोस्टात जाऊन त्या काकांना फोन लावायचे. "तुमच्याकडं काय केलंत?" एवढाच प्रश्न. ते जे सांगायचे ते कुठल्या अभ्यासक्रमात नसणार. कुणाला आधी समजवायचं, कुणाशी बोलायचंच नाही, गेटची चावी रात्री कुणाकडे ठेवायची.

सरकारनं त्या ट्रेनिंगवर केलेल्या खर्चाची वसुली वहीतून झाली की त्या फोनमधून, हे मी कुठल्या रकान्यात मांडू? मोबाइलवरच्या मॉड्यूलमध्ये खोलीतला सोबती मिळत नाही. चहाच्या वेळी शेजारच्या लाइनवाला "आमच्यात ती डाय अशीच अडकती, तुमी काय करता?" म्हणून विचारत नाही. चहाची वेळ ही मी बचतीत धरली होती.

ट्रेनिंगचा उपयोग मोजायची एक शिडी आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये मांडली, आमच्या धंद्यातले सगळे तिचं नाव घेतात. पहिली पायरी, लोकांना आवडलं का. दुसरी, काही शिकले का. तिसरी, कामावर गेल्यावर वागणं बदललं का. चौथी, त्यानं कंपनीचं काही भलं झालं का. 'जेवण चांगले होते' ही पहिली पायरी. ऑनलाइन आलं आणि आम्ही एक पायरी वर चढलो. चाचणी, गुण, टक्केवारी, सगळं एका क्लिकवर. तिसरी पायरी मात्र स्क्रीनवर नसतेच, ती प्रेस शॉपमध्ये उभी असते. तिथं जायला पाय लागतात आणि पाय वाचवायलाच तर ऑनलाइन आणलं होतं.

साहेबांना मी शंभर टक्के पूर्ततेचा रिपोर्ट दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सहज वेळा पाहत बसले. प्रेस शॉपमधले सव्वीस जण एकाच सकाळी पास झाले होते. पहिला नऊ वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा दहा वीसला. एकामागून एक, रांगेत उभे असल्यासारखे. प्रत्येकाला अडीच-तीन मिनिटं. सगळ्यांना दहापैकी दहा.

सुरुवात कुठून झाली ते शोधायला वेळ लागला नाही. केजकडचा एक जुना ऑपरेटर, माझ्याशी नेहमी मोकळं बोलणारा. त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो आधी हसला, मग खाली बघायला लागला.

"रात्रपाळी करून आल्यावर डोळे उघडत न्हाईत मॅडम. उघडून बसलो होतो, पोरगी म्हणली, पप्पा द्या, मी करते. नववीला हाय. पाच मिनिटांत केलं तिनं. मग शेजारच्यानं बी नंबर दिला. मग सगळ्यांनीच दिले."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून वहीचं एक पान आणून दिलं. दुरेघी पान, समास सोडलेला, टोकन नंबर आणि पुढं जन्मतारीख, कारण आमचं लॉगिन तेवढंच होतं. प्रत्येक नावापुढं लाल पेनानं बरोबरची खूण. खाली दोन रेघा मारून 'एकूण २६'. माझ्या कुठल्याही हजेरीपटापेक्षा ते पान नीटनेटकं होतं. व्हिडिओ टाळून थेट चाचणीवर जाता येतं हेही तिनंच शोधलं होतं. पहिला मात्र तिनं पूर्ण पाहिला होता. "पप्पाचा होता ना," असं म्हणाली म्हणे.

मी रागवायला हवं होतं. पण महिलांच्या छळाविरुद्धच्या कायद्याचं मॉड्यूल मी स्वतः, एक बाई असून, फोनवर बोलता बोलता 'पुढे, पुढे' करत संपवलं होतं. सर्टिफिकेट फ्रेम करण्याजोगं आलं होतं.

आणि एक गोष्ट त्याच्या बोलण्यातून टोचली. रात्रपाळी करून आल्यावर. म्हणजे ते तीनशे तास शून्य नव्हते, मी फक्त ते कंपनीच्या वहीतून उचलून बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगावच्या दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये नेऊन ठेवले होते. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात १११-अ हे कलम आलं. शक्य असेल तिथं कारखान्यातच ट्रेनिंग मिळणं हा त्यात कामगाराचा हक्क सांगितला होता. आणि तेव्हाचं कलम ५९ म्हणायचं, जादा वेळेला दुप्पट मजुरी. मग झोपेच्या वेळेत, स्वतःचा डेटा जाळून, कंपनीचं मॉड्यूल बघणं कशात मोडतं? मी दबकत साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तेवढं खोलात जाऊ नका." मी गेले नाही. नोकरी माझीही आहे.

एवढं केलं की मॉड्यूल शिफ्टमध्ये घेतलं. दोन टॅबलेट मागून घेतले आणि शिफ्ट सुरू होताना पाच-पाच जण. सोळाशे तासांची बचत तेराशेवर आली.

प्रेस शॉपमध्ये आमचे एक सेटर, म्हणजे मशीनवर डाय बसवून देणारे, आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. सातवी शिकलेले. पार्ट उचलला की कडेवरून अंगठ्याचं नख ओढतात आणि बर किती आलाय सांगतात. पण त्याआधी त्यांना आवाजातून कळलेलं असतं. पंच धारदार असला की प्रेसचा ठोका सुटा, कोरडा येतो. धार गेली की तोच ठोका जड होतो, पत्रा कापण्याऐवजी फाडल्यासारखा. नाना चहा पिता पिता मान वळवतात, "चार नंबर बघा रे." नवा पोरगा आला की त्याला मशीनकडे पाठ करून उभं करतात. "डोळे मीट. आता सांग, कोणतं बदललं?" पोरगा चुकतो. पुन्हा. तिसऱ्या दिवशी बरोबर सांगतो तेव्हा नाना काही बोलत नाहीत, फक्त तंबाखूची डबी पुढं करतात. (कंपनीत तंबाखूला बंदी आहे. हे वाक्य ऑडिटवाल्यांनी वाचू नये.)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यात नवख्यांना झटपट शिकवायची पद्धत बसवली होती. आधी तयार करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतरही अधूनमधून जाऊन बघा. युद्धानंतर ती जपानला गेली आणि तिथून फिरत फिरत आपल्या वाळूजच्या बोर्डांवर आली. नानांनी तिचं नावही ऐकलेलं नाही, पण चारही पायऱ्या बिनचूक करतात. मॉड्यूलला यातली दुसरी जमते, आणि नानांपेक्षा चांगली जमते, कारण ते बंद प्रेसच्या पोटातलं चित्र दाखवू शकतं. तिसरी आणि चौथी त्याला जमत नाही. नानांचा आवाज रेकॉर्ड करून व्हिडिओ करायची हौस मी करून पाहिली. मोबाइलच्या स्पीकरमधून धारदार आणि बोथट, दोन्ही ठोके सारखेच ऐकू आले.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीनं बऱ्याच दिवसांनी घरच्यांना आत येऊ दिलं. मशीनं धुतलेली, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ. बायका साड्या सांभाळत तेलाच्या डागांवरून चालत होत्या. केजवाल्यानं बायको आणि मुलीला आणलं होतं. मुलगी हडकुळी, दोन वेण्या, चष्मा. माझ्याकडे बघेना. तिला बहुतेक घरी सांगून ठेवलं असावं, त्याच ह्या मॅडम.

बाप तिला आपला प्रेस दाखवत होता. अकरा नंबर, जुना. प्रेसला दोन बटनं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे पत्रा कापताना एकही हात डायमध्ये राहत नाही. नव्या मशीनला ती अर्ध्या सेकंदाच्या आत जोडीनं दाबली तरच ठोका पडतो. एक अडकवून ठेवलं तर मशीन हलत नाही. अकरा नंबरला ती सोय नाही.

"पप्पा, ह्याला लाइट कर्टन नाही?"

"जुनं हाय बाळा. ह्याला बटनं हायत."

ती वाकली. डाव्या बटनापाशी झेंडूची माळ अडकवली होती, ती तिनं बाजूला केली. बटनाच्या कडेच्या फटीत खोक्याच्या पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा ठोकून बसवलेला होता. बटन आत दाबलेलं, तसंच. म्हणजे एकच हात लागतो, दुसरा पार्ट काढायला मोकळा. काम भराभर होतं.

"पप्पा, हे चालत नाही. सातवा प्रश्न हाय त्याचा."

बाप बोलला नाही. मीही नाही. रोज त्या प्रेससमोरून सुपरवायझर जातो, आठवड्यातून एकदा सेफ्टीवाला जातो, महिन्यातून एकदा मी जाते. सव्वीस वेळा चाचणी दिलेली एकच व्यक्ती त्या आवारात होती आणि तिला टोकन नंबर नव्हता.

मी पुठ्ठा ओढून काढला. तेल पिऊन काळा, मऊ झाला होता, म्हणजे आजकालचा नव्हता. बटन टक करून वर आलं.

"मॅडम, सगळ्याच शिफ्टला असतो तो," केजवाला हळूच म्हणाला. "टारगेट बसत न्हाई न्हाईतर." आणि थोड्या वेळानं, "तिचंबी नाव घाला की त्या बोर्डावर." हसण्यावारी न्यायचा प्रयत्न होता. मुलगी हसली नाही. ती बाराव्या प्रेसची माळ बाजूला करून बघत होती.

लोक प्रसादाला गेल्यावर मी बोर्डापाशी आले. त्याच्या टोकनापुढं अकरा नंबरखाली गोल पूर्ण काळा होता. चारही भाग. दुसऱ्याला शिकवू शकतो. तो चौथा भाग मीच भरला होता, दहापैकी दहाचं सर्टिफिकेट बघून, ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी. अंगठ्यानं पुसून पाहिला. घाईत मी परमनंट मार्कर वापरला होता. तो पुसायला स्पिरिट लागतं. स्पिरिट मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये असतं, आणि स्टोअर सणाचं बंद होतं.